युकुलेलेला हाय-जी की लो-जी? आधी तुमचा सा कुठे आहे ते बघा

सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलीसाठी कॉन्सर्ट साइजचा युकुलेले घेतला, मुलगी क्लासला जाते आणि दुपारच्या रिकाम्या वेळात आता आईही वाजवायला लागली आहे. ताईंचं गाणं शिकून झालेलं, गायची पट्टी पांढरी पाच, म्हणजे पेटीवरचा जी हा त्यांचा सा. पण भावगीताची चाल युकुलेलेवर काढायला गेल्या की खालचे सूर सापडत नाहीत, वाद्य मध्येच संपतं. दुकानदार म्हणाला, चौथी तार बदलून लो-जी घाला. मुलीचे सर म्हणाले, अजिबात घालू नका, युकुलेलेचा गोडवा जाईल. आता कोणाचं ऐकायचं, आणि नवी तार न घेता आहे तीच सैल करून चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

आहे ती तार सैल करून चालणार नाही, हे आधी सांगून टाकतो. कारण पुढे येईलच. आणि दुकानदार व सर दोघांचंही बाजूला ठेवून आधी पट्टी बदलून बघा. गिटार-युकुलेले शिकवणं आणि तारा-पडदे जुळवून देणं हा माझा रोजचा उद्योग आहे. 'खालचे सूर मिळत नाहीत' म्हणून जे येतात, त्यातल्या बहुतेकांचं दुखणं तारेत नसतं, त्यांनी धरलेल्या पट्टीत असतं.

युकुलेलेच्या चार तारा म्हणजे जी, सी, ई, ए. पांढरी एकला सा धरला तर प, सा, ग, ध. त्यातल्या सा, ग, ध बद्दल काही वाद नाही. सी म्हणजे पेटीच्या मधल्या सप्तकाची पांढरी एक, 261.6 हर्ट्झ. ई 329.6 आणि ए 440. वाद आहे तो हनुवटीच्या बाजूच्या चौथ्या तारेचा. हाय-जीमध्ये ती 392 हर्ट्झला बोलते, म्हणजे मध्य सप्तकातला पंचम. लो-जीमध्ये 196 ला, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली, मंद्र पंचम. लो-जी घातली की चारही तारा गिटारसारख्या खालून वर ओळीने चढत जातात. हाय-जीत तसं होत नाही. चौथी तार उंच, तिच्या शेजारची तिसरी सगळ्यात खालची, मग दुसरी, मग पहिली.

गिटारवरून आलेल्यांना ही उलटी रचना चमत्कारिक वाटते. सांगली-मिरजेच्या माणसाला वाटायचं कारण नाही. मिरजेची सतार आणि तानपुरा, ज्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती दोन्ही वाद्यं अशीच आहेत. तानपुऱ्याची पहिली तार मंद्र पंचमाची, मग जोडीच्या दोन तारा मध्य षड्जाच्या, आणि शेवटची खर्जाची, सगळ्यात खालची. सरळ चढणारी ओळ तिथेही नाही. सतारीवर तर खर्जाच्या जाड तारांच्या पलीकडे लगेच बारीक, उंच चिकारी असते. चाल बाजाच्या, म्हणजे मुख्य तारेवर चालते आणि चिकारी मधूनमधून छेडली जाते. हाय-जीची चौथी तार म्हणजे युकुलेलेची चिकारी आणि लो-जीची चौथी तार म्हणजे खर्ज, एवढं धरून चला. पुढचा सगळा निर्णय याच्यावरच ठरतो.

आता पट्टी. युकुलेलेची जवळजवळ सगळी शिकवणी पांढरी एकपासून सुरू होते, कारण सी कॉर्डला एकच बोट लागतं. त्यामुळे शिकणारा सा कायम तिथेच धरतो. हाय-जीच्या वाद्यात पांढरी एकच्या खाली एकही सूर नाही. म्हणजे सा हाच तळ. आपल्या चालींना हे मानवत नाही. मंद्र नीला जाऊन सा वर येणं, मंद्र पंचमापासून उचल घेणं, हे इतकं नेहमीचं आहे की अशी चाल पांढरी एकमध्ये अडणारच.

राष्ट्रगीताचंच बघा. दर पंधरा ऑगस्टच्या आधी मुलं ते युकुलेलेवर बसवायला घेतात. 'जनगणमन' सा रे ग असं सुरळीत निघतं, आणि 'भाग्यविधाता'मधल्या 'विधाता'ला मंद्र नी लागतो. पांढरी एकमध्ये तो नी म्हणजे सी तारेच्या एक पडदा खाली, आणि तिथे पडदाच नाही. मुलं मग तो नी एक सप्तक वर उडी मारून वाजवतात आणि पालक म्हणतात, काहीतरी चुकतंय. याला लो-जी हा एक इलाज आहे, खरं आहे. लो-जीवर तोच नी चौथ्या तारेच्या चौथ्या पडद्यावर मिळतो. पण दुसरा इलाज फुकट आहे. सा पांढरी दोनवर न्या. मग मंद्र नी येतो सी तारेच्या पहिल्या पडद्यावर, तार सा ए तारेच्या पाचव्या पडद्यावर, आणि मधलं सगळं हाताखाली. एका स्वराने पट्टी वर नेली की प्रश्नच उरत नाही.

चाल आणखी खाली, मंद्र पंचमापर्यंत जात असेल तर सा पांढरी चारवर ठेवा. मग मोकळी सी तार हाच तुमचा मंद्र पंचम, मोकळी ई तार मंद्र नी. वरच्या बाजूला ए तारेचा आठवा पडदा तार सा, बारावा तार ग. मंद्र प ते तार ग, एवढ्या आवाक्यात बरीचशी भावगीतं आणि भक्तिगीतं बसतात. नाट्यपदांच्या ताना बसणार नाहीत, पण त्या युकुलेलेवर काढायला निघालेल्या माणसाला मी काय सल्ला देणार!

ताई, तुमची पट्टी पांढरी पाच. तुम्ही गाता तो मध्य सा म्हणजे 196 हर्ट्झच्या आसपासचा, बरोबर लो-जीच्या मोकळ्या तारेचा सूर. हाय-जीवर तो सूर नाहीच. पण त्याच्यावरच्या सप्तकातला सा, 392 चा, तुमच्याकडे मोकळ्या चौथ्या तारेवर आयता आहे. तो सा धरा आणि चाल एक सप्तक वर वाजवा. पुरुषाच्या गळ्यापेक्षा पेटी वर वाजते आणि कुणाला खटकत नाही, तसंच हे. मग तुमचे सूर असे येतात: सा ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावर, मंद्र नी दुसऱ्या पडद्यावर, मंद्र ध मोकळी ई, मंद्र प सी तारेचा दुसरा पडदा आणि मंद्र म मोकळी सी. वर जाताना रे मोकळी ए, ग दुसरा पडदा, म तिसरा, प पाचवा, ध सातवा, नी नववा आणि तार सा दहावा. म्हणजे मंद्र मध्यमापासून तार षड्जापर्यंत सगळं आहे, आणि तेही तुमच्या गळ्याच्या पट्टीत. जी कॉर्ड सी कॉर्डपेक्षा थोडी अवघड, तीन बोटं लागतात. ती बसायला आठवडाभर त्रास होईल, मग होणार नाही.

आणि या पट्टीत हाय-जीची खरी मजा येते. चौथी तार मोकळी म्हणजे सा. चाल ए आणि ई तारेवर चालू द्या आणि ओळीच्या शेवटी, जिथे सूर लांबवायचा तिथे, अंगठ्याने चौथी तार छेडा. चिकारी वाजल्यासारखा सा वरून टपकतो. हे एकदा कानाला लागलं की लो-जी घालायची घाई कमी होते, असा माझा अनुभव आहे. हेच पांढरी एकमध्ये केलंत तर चौथी तार पंचमाची चिकारी होते, तीही चालते, पण मालकंसासारख्या पंचमवर्ज्य रागाच्या चालीला तिचा हात लावू नका.

हाय-जी कुठून आली, हे थोडक्यात. अटलांटिकमधल्या मदेइरा बेटावरून पोर्तुगीज मजूर उसाच्या मळ्यांवर कामाला हवाईला गेले. 1879 च्या ऑगस्टमध्ये 'रेव्हन्सक्रॅग' नावाचं जहाज होनोलुलूला लागलं, त्यात मॅन्युएल नुनेस, ऑगुस्तो डियास आणि जोसे दो एस्पिरितो सांतो हे तीन सुतारकाम करणारे होते. त्यांच्याकडची छोटी तंतुवाद्यं आणि हवाईचं कोआ लाकूड यांतून युकुलेले उभा राहिला. राजा कालाकाउआने त्याला दरबारात जागा दिली आणि 1915 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर तो अमेरिकेभर पसरला. तारांची उलटी मांडणी मदेइराच्या 'राजाँव' या पाच तारांच्या वाद्याकडून आली, त्याच्या पाचपैकी चार तारा जी-सी-ई-ए अशाच. तेव्हा हाय-जी ही हवाईत कुणी नंतर काढलेली युक्ती नाही, घराण्यातूनच आलेली आहे. मुलीच्या सरांचं म्हणणं त्या अर्थाने बरोबर आहे.

पण सरांचं म्हणणं कानालाही पटलं पाहिजे. त्यासाठी एएम (ए मायनर) कॉर्ड धरा, म्हणजे फक्त चौथ्या तारेचा दुसरा पडदा. हाय-जीवर चौथी तार 440 ला आणि पहिली मोकळी ए तीही 440 ला. एकच सूर दोन टोकांच्या तारांवर. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा अगदी मिळाल्या की जो भरणा येतो, त्याचा छोटा अवतार इथे ऐकू येतो. जी कॉर्डमध्येही तसंच, मोकळी चौथी आणि ई तारेचा तिसरा पडदा एकच सूर देतात. स्ट्रमिंग करताना बोट खालून वर जावो की वरून खाली, दोन्ही वेळा शेवटी उंच तारच वाजते. त्यामुळे ताल उठून दिसतो, आवाज कुठे जड होत नाही. युकुलेलेचा म्हणून जो हसरा आवाज आपण ओळखतो तो या जोडीतून येतो. लो-जी घातली की एएमची ती जोड तुटते, चौथी तार एक सप्तक खाली जाऊन खर्ज देते. कॉर्ड भरदार होते, पण ती चमक जाते. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

हाय-जीची आणखी एक करामत म्हणजे काम्पानेला. एकाच तारेवर लागोपाठ सूर न वाजवता प्रत्येक सूर वेगळ्या तारेवर घ्यायचा, म्हणजे आधीचा सूर वाजत राहतो आणि त्यावर पुढचा येतो. छोट्या घंटा एकात एक वाजाव्यात तसं ऐकू येतं. अमेरिकेच्या जॉन किंग यांनी बाखच्या रचना याच पद्धतीने युकुलेलेवर बसवल्या. चौथी तार उंच असल्याशिवाय हे इतकं सहज जमत नाही. आणि 'हाय-जीवर गंभीर वादन होत नाही' असं कुणी म्हणालं तर त्याला जेक शिमाबुकुरो ऐकवा. तो हवाईचा, टेनर युकुलेलेवर हाय-जीच वापरतो.

लो-जीची बाजूही तितकीच खरी आहे. हवाईच्याच हर्ब ओहता यांचं वादन ऐका, लो-जी कशासाठी असते ते लगेच कळतं. सी तारेच्या खाली पाच सूर वाढतात, मोकळा जी आणि त्याच्यावरचे चार पडदे. पाच सूर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण त्यांचा उपयोग चाल खाली नेण्यापेक्षा चालीच्या खाली आधार देण्यात आहे. अंगठा चौथ्या तारेवर खर्ज देतोय, बोटं पहिल्या-दुसऱ्या तारेवर चाल वाजवतायत, आणि वर तुम्ही गाताय किंवा गातही नाही. एकट्याच्या वादनाला हे फार भरून येतं. पेटी नाही, तबला नाही, साथीला कुणी नाही, संध्याकाळी गच्चीवर एकट्याने वाजवायचंय, तर लो-जी. उलट दोन-तीन गिटार, पेटी, कॅहोन (हाताने वाजवायचं लाकडी खोकं) अशा घोळक्यात वाजवायचं असेल तर लो-जीचे खालचे सूर गिटारच्या गर्दीत बुडतात आणि हाय-जी वरून स्वच्छ ऐकू येते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये युकुलेले ऐकूच आला नाही अशी तक्रार येते, तिथे कधी कधी कारण एवढंच असतं.

तुमच्या पांढरी पाचला लो-जीची तार थेट तुमचा गायचा सा आहे. त्यामुळे तुम्ही फक्त गाण्याला साथ म्हणून वाजवणार असाल तर लो-जी तुम्हाला इतरांपेक्षा जास्त देईल. मोकळी तार छेडली की तुमच्याच सप्तकातला सा, त्यावर गळा टेकवता येतो. हे पांढरी एक-दोनला गाणाऱ्या पुरुषाला मिळत नाही, कारण त्याचा सा युकुलेलेच्या आवाक्याच्याच खाली आहे.

कॉर्डचे आकार दोन्हीत तेच राहतात, नवीन काही शिकायचं नाही. अडचण येते ती टॅब, म्हणजे कुठल्या तारेचा कितवा पडदा ते आकड्यांत लिहिलेलं, वाचताना. हाय-जीसाठी लिहिलेल्या टॅबमध्ये चाल मधूनच चौथ्या तारेवर जाते. लो-जीवर तो सूर एक सप्तक खाली पडतो आणि चालीत खड्डा पडतो. उलटंही होतं. म्हणून टॅब उतरवताना वर काय लिहिलंय ते आधी वाचायचं, न लिहिलेलं असेल तर चौथ्या तारेचे सूर वाजवून बघायचे.

आता तार सैल करण्याचं. तारेची लांबी तीच, जाडी तीच, आणि सूर एक सप्तक खाली हवा, तर ताण एक चतुर्थांशावर आणावा लागतो. निम्म्यावर नाही, चौथ्या हिश्शावर. एवढी ढिली तार वाजत नाही, पडद्यावर लोळते, आणि बोट दाबलं की सूर वर ओढला जातो. ताण तोच ठेवायचा तर तारेचं वजन चौपट हवं, म्हणजे त्याच मालाची तार दुप्पट जाड. हाय-जीची नायलॉनची तार साधारण 0.6 ते 0.7 मिलिमीटरची असते. दुप्पट केली तर सुतळीच होईल, आणि ती 'टण्' न वाजता 'ठप्' वाजेल. म्हणून लो-जीला माल बदलावा लागतो.

यात दोन जाती. एक गुंडाळीची, आत धाग्यांचा गाभा आणि वर बारीक धातूची तार वेढलेली. आवाज खणखणीत, पण बाकीच्या तीन गुळगुळीत तारांत ती एकटी वेगळी बोलते, बोट सरकवलं की किरकिरते, आणि पहिल्या दोन-तीन पडद्यांवर गुंडाळी झिजून सुटते. घामट हाताला तर लवकरच. दुसरी फ्लुरोकार्बनची, एकसंध. नायलॉनची घनता घन सेंटिमीटरला साधारण 1.14 ग्रॅम, फ्लुरोकार्बनची 1.78, त्यामुळे कमी जाडीत जास्त वजन बसतं आणि लो-जी 0.9 ते 1 मिलिमीटरच्या आसपास निभावते. थोडी ढिली लागते, पण आवाज बाकी तारांशी मिळतो. मी हीच सुचवतो. शिवाय फ्लुरोकार्बन पाणी जवळजवळ पीत नाही, नायलॉन पितं. सांगलीचा पाऊस ठीक आहे, पण साताऱ्याहून महाबळेश्वर-पाचगणीला युकुलेले घेऊन जाणाऱ्यांना हा फरक जुलैत कळतो. मासेमारीच्या दुकानात फ्लुरोकार्बनचा दोर मिळतो आणि काही वादक तोच लावतात. माल तोच, पण साधा तंगूस म्हणजे नायलॉन, तो घेऊन उपयोग नाही. आणि एकच तार घ्यायची असेल तर सुटी लो-जी मिळते, अख्खा संच बदलायची गरज नाही. फक्त वाद्यावर आधीपासून कुठल्या मालाच्या तारा आहेत ते बघून घ्या.

तार आणली, लावली, आणि एफ कॉर्ड बेसूर लागली, असं झालं तर तारेला शिव्या देऊ नका. मानेच्या टोकाला पांढरी पट्टी असते, जिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात, तिला नट म्हणतात. चौथी खाच हाय-जीच्या बारीक तारेसाठी कापलेली असते. जाड लो-जी तिच्यात उतरत नाही, वरच टेकते. तार पडद्यापासून उंच राहते, आणि पहिल्या-दुसऱ्या पडद्यावर दाबायला गेलं की ताणली जाऊन सूर चढतो. बघायची खूण सोपी: खाचेत तारेचा निम्मा भाग तरी बुडलेला दिसला पाहिजे. पूर्ण वर बसलेली दिसली तर खाच रुंद करावी लागेल.

हे घरी होतं. गिटारच्या जुन्या लाइट संचातली पाचवी तार साधारण 1.07 मिलिमीटरची असते, तिची गुंडाळी कानशीसारखं काम करते. लो-जी सैल करून बाजूला घ्या, गिटारच्या तारेचा वीतभर तुकडा दोन्ही हातांत ताणून धरा आणि खाचेतून खुंट्यांच्या दिशेने किंचित उतार ठेवून मागेपुढे ओढा. स्वस्त वाद्यांचे नट प्लास्टिकचे, पटकन झिजतात, म्हणून चार-पाच वेळा ओढलं की थांबा, तार लावून बघा, मग पुढे. रुंदी वाढवायची आहे, खोली नाही. खाच खोल गेली तर मोकळी तार पहिल्या पडद्याला लागून झिणझिणेल. तशी गेलीच तर खाचेत खाण्याचा सोडा चिमूटभर आणि वर फेविक्विकचा एक थेंब, वाळल्यावर परत खाच काढायची. थेंब लाकडावर ओघळू देऊ नका, डाग जात नाही.

हे धाडस नको असेल तर मिरजेला तंतुवाद्यांच्या कारागिरांकडे न्या. ज्या हाताला जवारी काढायची, म्हणजे घोडी घासून झणकार आणायची सवय आहे, त्याला नटची खाच म्हणजे हातचा मळ. फक्त काम सांगताना एवढं स्पष्ट सांगा की खाच रुंद करायची आहे, खालच्या घोडीला, म्हणजे तारा खाली टेकतात त्या पट्टीला, हात लावायचा नाही. सतार-तानपुऱ्याला घोडीवरून येणारा झणकार हवा असतो, युकुलेलेला नको असतो, आणि चांगल्या कारागिराचा हात आपोआप झणकाराकडे वळतो!

साइजचं एक. सोप्रानो, म्हणजे सगळ्यात छोटा, त्याच्यावर लो-जी मी लावून देत नाही. तारेची लांबी जेमतेम 34-35 सेंटिमीटर, वाद्याचं पोट लहान, खालचा सूर पोकळ येतो. कॉन्सर्ट साधारण 38 चा, तिथे चालते. टेनर 43 चा, तिथे लो-जी खुलते. बॅरिटोनचा प्रश्नच वेगळा, तो डी-जी-बी-ई असा, गिटारच्या पहिल्या, बारीक चार तारांसारखा लावतात.

राहिला तुमचा घरचा प्रश्न. वाद्य एक आणि वाजवणारे दोन. मुलगी क्लासला जे शिकते ते सगळं हाय-जीवरचं. घरी आली आणि चौथी तार खाली गेलेली असेल तर तिच्या कानात दोन वेगळ्या गोष्टी बसतील, सरांकडे एक आणि घरी एक. लहान मुलाचा कान तयार होत असताना मी हे करणार नाही. आणि तार सारखी काढायची-घालायची म्हटलं तर नव्या तारेला ताणून स्थिर व्हायला काही दिवस जातात, तेवढ्यात ती परत काढायची वेळ येते. म्हणून सध्या हाय-जीच ठेवा आणि पांढरी पाचला वर सांगितलेले सूर धरून दोन-तीन गाणी नीट बसवा. त्यानंतरही अंगठ्याखाली खर्ज हवाच असं वाटलं, तर तुमच्यासाठी वेगळा टेनर घ्या आणि त्याला लो-जी लावा. तेव्हा हे वाद्य मुलीचं मुलीकडे राहील. सर आणि दुकानदार दोघांचाही मान राहील, हे वर आणखी.

नवी तार लावाल तेव्हा एका गोष्टीची काळजी घ्या. क्लिपचा ट्यूनर बहुतेक वेळा नुसता 'जी' दाखवतो, कुठल्या सप्तकातला ते सांगत नाही. लो-जीची तार हाय-जीच्या सुराला नेऊ गेलात तर ताण चौपट होतो, तार तुटेल नाहीतर घोडी उखडेल. म्हणून ट्यूनर हिरवा झाला तरी कानाने पडताळा. हाय-जी असेल तर चौथ्या तारेचा दुसरा पडदा आणि मोकळी ए यांचा सूर एक आला पाहिजे. लो-जी असेल तर चौथ्या तारेचा पाचवा पडदा आणि मोकळी सी. आणि खुंटी फिरवताना सूर सी तारेच्या वर जायला लागला आणि तार लो-जीची असेल, तर तिथेच हात थांबवा आणि सैल करत खाली या.